टेलिव्हिजनवरील चित्र खिशांत नेतांना

कोल्हापूर शहरांतील पुष्कळ घरांतून आजही एखाद्या कपाटाच्या तळाशीं काळ्या रंगाच्या जाडजूड कॅसेटी रचून ठेवलेल्या आढळतात. एकीवर ‘रामायण’, दुसरीवर ‘मराठी चित्रपट’, तिसरीवर ‘ताईचें लग्न’ अशीं अक्षरें लिहिलेलीं असतात. त्या चालविणारें यंत्र बहुधा बिघडलेलें असतें, नाहीं तर केव्हांच मोडींत गेलेलें असतें. मग घरांतील एखादा तरुण म्हणतो, ‘हें सारें मोबाइलवर उतरवून घेतलें कीं झालें.’ बोलणें सोपें आहे आणि कामही अशक्य नाहीं. परंतु टेलिव्हिजनचें चित्र फितीवरून काढून खिशांतील यंत्रांत भरणें म्हणजे एका भांड्यांतील पाणी दुसऱ्या भांड्यांत ओतणें नव्हे. उसाचा रस आटवून गूळ करण्याशीं त्याचें साम्य अधिक आहे. गूळ टिकतो, नेण्या-आणण्यास सोयीचा असतो, गोडही लागतो. पण गुळाचा पुन्हां रस होत नाहीं. रूपांतर करतांना नेमकें काय आटतें, तें कोणत्या पायरीवर आटतें, आणि मूळ रस जपून ठेवण्याची गरज कां आहे, हें समजून घेतल्यावांचून या कामास हात घालणें धोक्याचें आहे.

प्रथम टेलिव्हिजनचें चित्र म्हणजे काय तें पाहूं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपणास आरंभ झाला आणि १९८४ च्या सुमारास देशभर प्रक्षेपण केंद्रांचा झपाट्यानें विस्तार होऊन लहानमोठ्या शहरांतील घरांच्या छपरांवर अँटेना दिसूं लागल्या. या प्रक्षेपणाचें माप ठरलेलें होतें : एका चित्रास ६२५ आडव्या रेषा, आणि सेकंदास २५ चित्रें. या ६२५ रेषांपैकीं प्रत्यक्ष चित्र वाहून नेणाऱ्या रेषा ५७६. मात्र प्रत्येक चित्र एकदम पाठविलें जात नसे. आधीं एकाआड एक अशा अर्ध्या रेषा येत, आणि त्यांच्या मागोमाग मधल्या उरलेल्या रेषा येत. म्हणजे सेकंदास २५ पूर्ण चित्रांऐवजीं ५० अर्धीं चित्रें पडद्यावर उमटत. असें केल्यानें पडदा लुकलुकत नसे, आणि लहरींच्या मार्गावर जादा भारही पडत नसे. जुन्या कांचेच्या पडद्यावर हीं अर्धीं चित्रें एकमेकांत मिसळून डोळ्यास एकसंध दिसत. पुढें रूपांतराच्या वेळीं या युक्तीचाच त्रास होतो, तो कसा हें यथाक्रम येईलच.

हें चित्र घरच्या घरीं साठविण्याचें साधन म्हणजे व्हीएचएस पद्धतीची कॅसेट. १९७६ सालीं जपानांत ती बाजारांत आली. तिच्यांतील फीत अर्धा इंच रुंद असून आपल्याकडील पद्धतींत ती सेकंदास सुमारें २३ मिलिमीटर इतक्या मंद गतीनें सरकते. तीन तासांच्या कॅसेटींत अशी सुमारें अडीचशें मीटर फीत गुंडाळलेली असते. चित्राच्या वेगवान लहरी इतक्या संथ फितीवर लिहितां याव्यात म्हणून लिहिणारीं दोन टोकें एका फिरत्या दंडगोलावर बसविलेलीं असतात. तो दंडगोल मिनिटास १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास २५. प्रत्येक फेऱ्यांत दोन टोकें फितीवर दोन तिरप्या रेघा ओढतात, आणि प्रत्येक रेघेंत एक अर्धें चित्र बसतें. हिशेब असा तंतोतंत जुळतो.

हिशेब जुळला तरी बारकावा मात्र येथेंच पहिल्यानें गळतो. प्रक्षेपणांतील चित्राच्या रुंदींत जेवढा तपशील असे, त्याच्या जवळजवळ निम्माच या फितीवर उतरतो. तंत्रज्ञ तो सुमारें २४० रेषांचा मानतात. रंगाची स्थिति तर याहून वाईट. रंगाची माहिती फारच आखडून लिहिली जात असल्यामुळें तांबड्या लुगड्याचा रंग काठाबाहेर ओघळल्यासारखा दिसतो. कॅसेटीवरून दुसरी कॅसेट भरली कीं हा दोष दुणावतो. यासाठीं एकाच कार्यक्रमाच्या दोन कॅसेटी घरांत असतील तर पहिली कोणती आणि तिच्यावरून भरलेली कोणती, हें आधीं ओळखावें आणि पहिलीच रूपांतरासाठीं घ्यावी.

आतां फितीवरील चित्राचे आंकडे कसे होतात तें पाहूं. कॅसेट चालविणाऱ्या यंत्रास एक लहानसें ग्राहक-उपकरण जोडतात आणि तें संगणकास जोडतात. हें उपकरण प्रत्येक रेषेचे ७२० तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा उजळपणा व रंग मोजतें. ५७६ रेषा आणि दर रेषेस ७२० बिंदु, म्हणजे एका चित्रांत ४,१४,७२० बिंदु झाले. दर बिंदूस दोन बाइट आणि सेकंदास २५ चित्रें धरलीं, तर एका सेकंदाचे दोन कोटी सात लक्षांहून अधिक बाइट होतात आणि एका तासाचे सुमारें ७५ गीगाबाइट भरतात. नेहमींच्या डीव्हीडी तबकडींत ४·७ गीगाबाइट मावतात. म्हणजे कांहीं न गाळतां चित्र ठेवूं म्हटलें तर ती तबकडी चार मिनिटांच्या आंत भरून जाईल. खिशांतील यंत्रांत तासाभराच्या चित्रास तीनचारशें मेगाबाइटांहून अधिक जागा देणें एके काळीं परवडत नसे. पंचाहत्तर गीगाबाइटांचें तितक्या जागेंत बसवावयाचें, म्हणजे दोनशें भागांतील एकशें नव्याण्णव भाग टाकून एक भाग ठेवावयाचा. तरीही चेहरा ओळखूं येतो आणि गाणें ऐकूं येतें, हें या शास्त्राचें खरें कौशल्य होय.

हें कौशल्य समजण्यास खासबागेच्या मैदानाचें उदाहरण घ्यावें. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधविलेल्या आणि १९१२ सालीं खुल्या झालेल्या या मैदानांत कुस्ती चालली आहे आणि तिचें चित्रण टेलिव्हिजनवरून फितीवर घेतलें आहे, असें समजा. हौद्यांतील तांबडी माती एका चित्रांत जशी आहे तशीच ती पुढच्या चित्रांतही आहे. मग ती सेकंदास पंचवीस वेळां लिहून ठेवण्याचें कारण काय ? संगणक एक चित्र पुरतें लिहितो, आणि पुढच्या चित्रांविषयीं ‘माती मागच्याप्रमाणेंच, पैलवानाचा खांदा एवढा उजवीकडे सरकला’ इतकेंच टिपण करतो. शिवाय एका चित्राच्या आंतही तो लहान लहान चौकोन पाडतो, आणि ज्या चौकोनांत सारें सारखेंच आहे तो चारदोन आंकड्यांत उरकतो. मनुष्याचा डोळा उजेडाचे बारकावे जितके टिपतो तितके रंगाचे टिपीत नाहीं. म्हणून रंगाचा तपशील अधिक निर्दयपणें गाळला जातो.

याच उदाहरणांत या युक्तीची मर्यादाही दिसते. दोन मल्ल एकमेकांचा अंदाज घेत उभे आहेत तोंवर टिपण थोडक्यांत भागतें. डाव लागला, माती उडाली आणि भोंवतालचा समुदाय उठून फेटे उडवूं लागला, कीं प्रत्येक कण वेगळ्या दिशेस जातो, आणि ‘मागच्याप्रमाणेंच’ असें म्हणण्यास कांहींच उरत नाहीं. नेमून दिलेली जागा मात्र तेवढीच असते. अशा वेळीं संगणक तपशील सोडून देतो, आणि पडद्यावर मातीच्या जागीं चौकोनी ठिगळें दिसतात. ज्या क्षणासाठीं कुस्ती पाहावयाची तोच क्षण बिघडतो. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो : व्याख्यान, कीर्तन किंवा बातम्या यांस थोडी जागा पुरते, कुस्ती, नृत्य, मिरवणूक, पाऊस यांस दुप्पट-तिप्पट द्यावी लागते. जुन्या फितीवरील चित्रांत बारीक वाळू उडाल्यासारखी जी मुंगमुंग दिसते, तीही संगणकास उडत्या मातीसारखीच वाटते, आणि निरर्थक ठिपके राखण्यांत तो मोलाची जागा खर्च करतो. म्हणून खिशांतील प्रत करण्यापूर्वीं ही मुंगमुंग सौम्य करणें हिताचें असतें. मात्र फार धुतलें तर माणसाची कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसूं लागते.

आतां अर्ध्या चित्रांची अडचण. आधुनिक सपाट पडदा सारें चित्र एकाच वेळीं दाखवितो. पहिल्या अर्ध्या चित्रांत पैलवानाचा हात जेथें होता, तेथून तो एक पन्नासांश सेकंदांत पुढें गेलेला असतो. दोन्ही अर्धीं चित्रें एकत्र गुंफून दाखविलीं कीं हाताच्या कडेस फणीचे दांते फुटल्यासारखे दिसतात. स्थिर चित्रांत हा दोष नसतो. हालचाल आली कीं तो उघडा पडतो. खिशांतील प्रतीसाठीं हे दांते काढावेच लागतात. एक उपाय म्हणजे दोनपैकीं एक अर्धें चित्र टाकून देणें. लहान पडद्यास तें पुरतें, कारण २४० रेषांच्या पडद्यावर २८८ रेषांचें अर्धें चित्र सहज बसतें. दुसरा उपाय म्हणजे हलणारा भाग तेवढा ओळखून त्याच ठिकाणीं दुरुस्ती करणें. त्यास वेळ अधिक लागतो, पण चित्र अधिक चांगलें राहतें. पुष्कळ जण मात्र दांते तसेच ठेवून चित्र लहान करतात. मग दांते एकमेकांत मिसळून चित्रावर कायमचा धूसर थर बसतो, आणि तो पुढें कोणत्याही उपायानें निघत नाहीं.

तिसरी गोष्ट आकाराची. जुन्या टेलिव्हिजनचा पडदा चार रुंद तर तीन उंच या प्रमाणाचा. ७२० बिंदु व ५७६ रेषा यांचें प्रमाण पाहिलें तर तें चारास तीन नसून पांचास चार भरतें. कारण हे बिंदु खरे चौकोनी नसून किंचित रुंद मानलेले आहेत. हें ध्यानांत न घेतां रूपांतर केलें तर माणसें थोडीं उंच व सडपातळ दिसतात. याच्या उलट, आजच्या लांबट पडद्यावर चित्र काठोकाठ भरावें या हौसेनें तें ताणलें, कीं नवरा-नवरी दोघेंही स्थूल होतात. वरून-खालून कापलें तर मुंडावळ्या जातात. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहूं द्याव्यात. त्या पट्ट्या म्हणजे दोष नव्हे, तें चित्राचें खरें माप होय.

ध्वनीचा विचार बहुधा शेवटीं होतो. वस्तुतः तो आधीं व्हावयास हवा. चित्र थोडें अंधुक असलें तर मन तें भरून काढतें, पण शब्द कळेनासे झाले कीं माणूस कंटाळतो. लहान प्रत करतांना चित्रांत कितीही काटकसर केली तरी आवाजांत फार करूं नये. जुन्या बोलपटांच्या बाबतींत तर एक नाजूक गोष्ट आहे. सिनेमाची फिल्म सेकंदास २४ चित्रें या गतीनें चालते. आपल्या टेलिव्हिजनची गति २५ ची. म्हणून या गतीच्या देशांत चित्रपट टेलिव्हिजनवर दाखवितांना सामान्यतः तो किंचित वेगानें चालविला जातो. दोन तासांचा चित्रपट त्यामुळें सुमारें पांच मिनिटें आधीं संपतो, आणि प्रत्येक स्वर चढतो. हा चढ हार्मोनियमवरील एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत जें अंतर असतें त्याच्या सुमारें सात-दशांश असतो.

कोल्हापुरांतच तयार झालेला ‘अयोध्येचा राजा’ घ्या. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजीं या शहरांत स्थापन झाली आणि १९३३ सालीं ती पुण्यास गेली. तत्पूर्वीं, १९३२ सालीं, तिनें काढलेला हा पहिला मराठी बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामतीच्या भूमिकेंत दुर्गा खोटे, आणि हरिश्चंद्राची भूमिका व संगीत गोविंदराव टेंबे यांचें. गोविंदराव नामांकित हार्मोनियमवादक. ज्यांनीं पट्टी पारखून गाणीं बसविलीं, त्यांचेच स्वर टेलिव्हिजनच्या वाटेनें आले तर वरच्या पट्टीकडे सरकलेले असावयाचे. सामान्य श्रोत्यास हें जाणवणार नाहीं; पण गाणें शिकणाऱ्या मुलीनें तानपुरा लावून त्याबरोबर म्हणावयाचें ठरविलें तर तिला तें खटकेल. रूपांतराच्या वेळीं गति पुन्हां २४ वर आणली तर स्वर ठिकाणावर येतात. रूपांतरांत वाट चुकतांना फार गोष्टी हरवतात हें खरें, पण जाणकार हातांत एखादी हरवलेली गोष्ट परतही मिळते, याचें हें उदाहरण होय.

आतां खिशांतील यंत्रांकडे वळूं. ऑक्टोबर २००५ मध्यें अ‍ॅपल कंपनीनें चित्र दाखविणारा आयपॉड बाजारांत आणला. त्याचा पडदा अडीच इंचांचा, त्यावर आडवे ३२० व उभे २४० बिंदु. म्हणजे एकंदर ७६,८००. टेलिव्हिजनच्या चित्रांतील पांचांहून अधिक बिंदूंचा मिळून येथें एक बिंदु होतो. सोनीच्या पीएसपी या खेळयंत्राचा पडदा ४८० गुणिले २७२ बिंदूंचा होता. त्या सुमाराच्या साध्या मोबाइलांत तर ‘थ्रीजीपी’ प्रकारचीं, १७६ गुणिले १४४ बिंदूंचीं चित्रें चालत. तेथें सोळांहून अधिक बिंदूंचा एक होई. गांवोगांवच्या मोबाइलच्या दुकानांतून लहानशा मेमरी कार्डावर गाणीं व चित्रपट भरून मिळत, ते बहुशः याच मापाचे असत.

हीं यंत्रें आपल्या खाण्यापिण्याच्या बाबतींत फार चोखंदळ होतीं. त्यांची विद्युत्घटिका लहान आणि गणित करण्याची शक्ति बेताची. म्हणून चित्र उलगडण्याचें काम एका ठराविक पद्धतीनें बांधलेल्या चकतीवर सोंपविलेलें असे, आणि त्या पद्धतीबाहेरचें चित्र आलें कीं यंत्र तें सरळ नाकारी. २००३ सालीं ठरलेली एच. २६४ ही संक्षेपाची पद्धति घ्या. तिच्यांत मागच्या चित्राप्रमाणें पुढच्या चित्राचाही आधार घेऊन जागा वांचविण्याची सोय आहे. परंतु पहिला आयपॉड त्या पद्धतींतील सर्वांत साधा प्रकारच जाणत असे. पुढच्या चित्राचा आधार घेतलेला त्यास चालत नसे, आणि सेकंदास ७६८ किलोबिटांवर माहिती दिली तर तो ती स्वीकारीत नसे. यामुळें दर यंत्रास वेगळी प्रत करावी लागे. एकासाठीं केलेली प्रत दुसऱ्यांत चालेना, म्हणून त्या प्रतीवरूनच तिसरी प्रत काढण्याचा मोह होई. आधींच आटविलेला रस पुन्हां चुलीवर चढविण्याचाच तो प्रकार. प्रत्येक संक्षेपांत संगणक आधीच्या ठिगळांनाच खरें चित्र समजून तीं जपतो, आणि वर आपलीं नवीं ठिगळें लावतो.

काळानें या यंत्रांचा निकाल लावला. मे २०२२ मध्यें अ‍ॅपलनें आयपॉड बंद केल्याचें जाहीर केलें. त्यांचें काम आतां मोबाइल करतो. त्याचा पडदा मोठा असतो आणि तो बहुतेक सर्व प्रकार उलगडूं शकतो. घरांतील भिंतीवरील टेलिव्हिजन तर याहून कितीतरी पट मोठा झाला. आणि येथेंच त्या वेळच्या घाईचें मोल भरावें लागतें. ज्या घरांनीं अडीच इंचांच्या पडद्यापुरती प्रत केली आणि ‘आतां या अडगळीचें काय करावयाचें’ म्हणून मूळ कॅसेटी टाकून दिल्या, त्यांच्याजवळ लग्नाचे ते ७६,८०० बिंदु तेवढे उरले. मोठ्या पडद्यावर त्यांत आजीचा चेहरा म्हणजे कांहीं डाग दिसतात. हल्लीं यंत्रबुद्धीच्या साहाय्यानें असें चित्र मोठें व स्पष्ट करून देणारीं साधनें निघालीं आहेत. तीं चित्र सुबक करतात यांत शंका नाहीं. परंतु जो तपशील मुळांत उरलेलाच नाहीं तो तीं शोधून कोठून आणणार ? इतर हजारों चेहरे पाहून तीं असा असावा असा चेहरा रंगवितात. तो सुंदर असेल, पण त्या आजीचा असेलच असें नाहीं.

मूळ वस्तु न जपल्याचा परिणाम काय होतो, हें कोल्हापुराइतकें दुसऱ्या कोणत्या शहरानें क्वचितच अनुभविलें असेल. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें येथें १९२० सालीं ‘सैरंध्री’ आणि १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हे मूकपट काढले. त्यांच्याविषयीं लिहिलें-बोललें पुष्कळ जातें. प्रत्यक्ष ते मूकपट मात्र आज पाहावयास मिळत नाहींत. १९४८ सालच्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून जुन्या चित्रपटांच्या फिती नष्ट झाल्या. ‘अयोध्येचा राजा’ मात्र वांचला, आणि म्हणूनच त्याची छोटी-मोठी, हवी तशी प्रत काढतां येते. मूळ आहे तोंवर नव्या यंत्रासाठीं नवी प्रत करणें हें केवळ कष्टाचें काम असतें. मूळ गेलें कीं हातीं असेल त्या प्रतीलाच मूळ म्हणावें लागतें.

घरगुती फितींस तर आगीवांचूनही मरण आहे. चुंबकीय चूर्ण फितीस चिकटवून ठेवणारा लेप हवेंतील ओलावा शोषून सैल होतो. कोल्हापूरचा पावसाळा दीर्घ व दमट. जून ते सप्टेंबर या काळांत बंद कपाटांतील कॅसेटींवर पांढरी बुरशी धरते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्यें पंचगंगेचें पाणी शहराच्या वस्तींत शिरलें, तेव्हां तळमजल्यावरील कपाटांतील कागदपत्रांबरोबर अशा फितीही पाण्याखालीं जाण्याचा प्रसंग आला. फिती टिकल्या तरी त्या वाचणारें यंत्र टिकत नाहीं. जपानच्या फुनाई कंपनीनें जुलै २०१६ मध्यें कॅसेटयंत्रांचें उत्पादन थांबविलें; तेव्हांपासून जुन्या यंत्रांवरच सारी भिस्त आहे, आणि त्यांतील फिरतें टोक झिजलें तर तें बदलून देणारा कारागीर सांपडणें दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे.

तेव्हां काम करावयाचें तें या क्रमानें करावें. कॅसेट प्रथम खिडकीजवळ धरून आंतील फितीच्या कडेस पांढरे ठिपके आहेत कीं काय तें पाहावें. बुरशी असेल तर ती यंत्रांत मुळींच घालूं नये; तिची धूळ यंत्राच्या टोकांस लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटीस बाधते. भिजलेली फीत यंत्रांत घालून पाहूं नये, किंवा उन्हांत अथवा शेगडीपाशीं वाळवूं नये. ती जाणकाराच्या हवालीं करावी. चांगली फीत कोरड्या दिवसांत एकदां शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळावी, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. नंतर ती एकदांच, पण पूर्ण मापानें उतरावी : ७२० गुणिले ५७६ बिंदु, सेकंदास २५ चित्रें, अर्धीं चित्रें जशींच्या तशीं, आवाज न दाबतां. फितीच्या ताणामुळें चित्राच्या उभ्या कडा लाटांसारख्या डुलत असतील तर रेषांची वेळ सारखी करणारें उपकरण याच वेळीं मध्यें बसवावें. एकदां आंकडे झाल्यावर हा दोष निघणें कठीण.

ही मूळ प्रत ठेवण्यास जागा किती लागेल ? कांहीं न गाळतां दाबण्याच्या पद्धति आहेत, त्यांनीं जागा निम्मी किंवा त्याहून कमी होते. त्या परवडत असतील तर उत्तम. तेवढी ऐपत नसल्यास डीव्ही नांवाच्या पद्धतीनें एका तासास सुमारें १३ गीगाबाइट लागतात आणि फितीवरील चित्राचा बहुतेक सारा गुण शाबूत राहतो. एक हजार गीगाबाइटांच्या एका डिस्कवर या मापानें सुमारें ७५ तास, म्हणजे तीन तासांच्या पंचवीस कॅसेटी बसतात. अशा दोन डिस्का कराव्यात. एक घरीं माळ्यावर, पाण्याच्या पोहोंचेबाहेर असावी. दुसरी शक्य तर परगांवीं, मुलीकडे किंवा भावाकडे ठेवावी. वर्षांतून एकदां त्या चालवून पाहाव्यात. इतकें झाल्यावर मग त्या मूळ प्रतीवरून खिशांतील प्रत करावी : दांते काढलेली, आकार बरोबर केलेली, हवी तितकी लहान. ती हरवली, पुसली गेली किंवा नव्या मोबाइलांत चालेनाशी झाली तरी शोक करण्याचें कारण नाहीं. दुसरी करतां येते.

कायद्याकडेही एक दृष्टि असावी. टेलिव्हिजनवरील कार्यक्रम घरच्या माणसांनीं पाहण्यासाठीं स्वतः उतरवून ठेवणें निराळें, आणि त्याच्या प्रती करून विकणें किंवा जाहीरपणें दाखविणें निराळें. १९५७ चा कृतिस्वाम्याचा कायदा खाजगी उपयोगासाठीं सवलत देतो, व्यापारासाठीं देत नाहीं. घरच्या लग्नाच्या व मुंजीच्या फितींस तर हा प्रश्नही फारसा उद्भवत नाहीं. आणि खरें पाहतां जपण्याची निकड त्यांनाच सर्वांत अधिक आहे. प्रसिद्ध मालिकांच्या व चित्रपटांच्या मूळ प्रती कोठेंना कोठें संग्रहांत असण्याचा संभव असतो. घरच्या कार्याची फीत मात्र जगांत एकच असते. म्हणून ज्या घरांत वेळ किंवा पैसा थोडाच आहे, त्यानें ‘रामायणा’ची कॅसेट मागें ठेवून ‘ताईचें लग्न’ आधीं उतरवून घ्यावें.